दहावा माणूस

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ सापडतील. संपादक मंडळाने ते काढले तर त्यांचे आभार, राहिले तर ते माझे. दुसरी कबुली जरा मोठी आहे आणि हा सगळा लेख तिच्यासाठीच लिहिते आहे.

आमच्या होस्टेलमध्ये मी नास्तिक म्हणून ओळखली जाते. फर्स्ट इयरला गणपतीची वर्गणी मागायला मुली आल्या तेव्हा मी छोटंसं भाषणच ठोकलं होतं. देव आहे याचा पुरावा द्या, मग वर्गणी घ्या, असं काहीतरी. तेव्हापासून व्हायवाच्या आधी रूममधल्या तिघी देवाला हात जोडतात आणि मी नोट्स चाळते. मला याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत आईला मण्यार चावली. आमचं घर धानाचं. दिवसभर बांधीत वाकून आई रात्री खाली चटईवर झोपली होती. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की जागा धड दिसत नाही आणि दुखतही नाही. पहाटे आईच्या पोटात दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या, मग बोलणं बोबडं झालं. बाबांनी कुठेही वेळ न घालवता तिला सरळ भंडाऱ्याला आणलं. मी होस्टेलवरून दवाखान्यात पोहोचले तेव्हा तिच्या तोंडात नळी होती आणि श्वास यंत्र घेत होतं. मण्यारीचं विष स्नायूंपर्यंत जाणारे मज्जातंतूंचे संदेश थांबवतं, छातीचे स्नायू ढिले पडतात, म्हणून यंत्र लावावं लागतं. हे सगळं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं आणि मला ते समजलंही. तरी त्या रात्री बाहेरच्या बाकड्यावर बसून मी चांदपूरच्या मारुतीला नवस बोलले. पाच शनिवार उपास आणि एक नारळ.

तिसऱ्या दिवशी आईने डोळे उघडले. आज ती ठणठणीत आहे. नवस मात्र मी कुणाला सांगितला नाही आणि फेडलाही नाही. आई औषधाने वाचली हे मला माहीत आहे. पण शब्द तर मी दिला होता. मग मी आधी खोटी होते की त्या रात्री खोटी होते? हा प्रश्न वर्षभर माझ्या मानगुटीवर बसला होता.

अशा वेळी मला शाळेतली एक कविता आठवली. तुमच्यापैकी ज्यांनी इंग्रजीच्या पुस्तकात ती वाचली असेल त्यांना विंचू म्हटलं की लगेच आठवेल. नाइट ऑफ द स्कॉर्पियन. सतत पावसाने घरात शिरलेला विंचू तांदळाच्या पोत्याखाली दडतो आणि कवीच्या आईला डंख मारतो. गावकरी कंदील घेऊन जमतात, देवाचं नाव घेतात, पूर्वजन्माच्या पापांचा हिशेब मांडतात. आणि वडील? ते तर संशयवादी, बुद्धिवादी गृहस्थ. पण त्या रात्री ते शाप, आशीर्वाद, भुकटी, झाडपाला सगळं करून बघतात. शाळेत मी या कवितेवर टीप लिहून आठपैकी सात मार्क मिळवले होते. पण त्या वडिलांना मी खरं ओळखलं ते दवाखान्याच्या बाकड्यावर.

मग लायब्ररीतून या कवीबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि आश्चर्य वाटलं. हा कवी आपल्या मुंबईचा, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात जन्मलेला, आणि वीस वर्षं स्वतःला नास्तिक म्हणवणारा. शाळेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आता मी सांगते.

निस्सिम इझिकेल यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत झाला. आपल्याकडे निस्सीम म्हटलं की पुढे भक्त हा शब्द आपोआप येतो. हिब्रू भाषेत निस्सिम म्हणजे चमत्कार, तेही अनेकवचनी. असं नाव घेऊन माणूस बुद्धिवादी झाला, ही गंमतच आहे.

त्यांचा समाज म्हणजे बेने इस्राएल. या समाजाची परंपरा अशी की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून त्यांनी दिवेकर, चेऊलकर अशी आडनावं घेतली, साडी नेसले, मराठी बोलले, मराठीत कीर्तनंही केली. धर्मग्रंथ जवळ नव्हते तेव्हाही शेमा नावाची एक प्रार्थना, सुंता आणि शनिवार हे त्यांनी सोडलं नाही. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं.

आणि एक गोष्ट वाचून तर मी पुस्तक मिटून बसले. हे लोक नवसही बोलतात. एलियाहू हन्नावी नावाचा त्यांचा प्रेषित आहे. त्याच्या नावाने नवस बोलायचा आणि इच्छा पूर्ण झाली की मलिदा करायचा. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. म्हणजे आमच्या आजीला यातलं काहीच परकं वाटलं नसतं.

इझिकेल यांचं घर मात्र वेगळ्या वळणाचं होतं. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई स्वतःची शाळा चालवणारी मुख्याध्यापिका. घरात इंग्रजीचं वजन जास्त, पुस्तकं भरपूर, कर्मकांड बेताचं. मुलाला घातलं ते कॅथलिक मिशनऱ्यांच्या शाळेत. तिथे इतर मुलं या ज्यू मुलाला ख्रिस्ताचा मारेकरी ठरवून छळत. त्याच वर्षी बायबलच्या विषयात पहिलं बक्षीस मिळालं ते यालाच, असं त्यांनी पुढे आपल्या एका कवितेत मिश्किलपणे सांगितलं आहे. मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे मला हे चांगलं कळतं. आमच्याकडेही बायबलच्या गोष्टी तोंडपाठ असणाऱ्या मुली बहुतेक वेळा दुसऱ्याच धर्माच्या असायच्या.

विल्सन कॉलेजातून त्यांनी १९४७ मध्ये एम. ए. केलं. त्या वयात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या चळवळीत ओढले गेले. रॉय हे आधी कम्युनिस्ट, मग त्यांनी स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि पुढे नवमानवतावाद मांडला. माणसाने आपलं भलंबुरं स्वतःच्या बुद्धीने ठरवावं, त्यासाठी देवाची मध्यस्थी नको, असा त्याचा सारांश. आपल्याकडचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हेही रॉय यांच्याच वर्तुळातले. वेद शिकलेला शास्त्री आणि सिनेगॉगच्या समाजातला तरुण एकाच विचाराने भारावले होते. बावीस-तेवीस वर्षांच्या इझिकेल यांनी तेव्हा देवाला रजा दिली.

आता इथे प्रश्न येतो की देव न मानणारा ज्यू हा ज्यू राहतो का? त्यांच्या धर्मनियमाप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू. मनात काय चाललंय याची परीक्षा घेऊन कुणाचा जन्म रद्द होत नाही. पण समाजातून बाहेर काढण्याची उदाहरणं आहेतच. अॅमस्टरडॅममध्ये १६५६ साली स्पिनोझा नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाला तिथल्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं. त्याच्या मते देव म्हणजे निसर्गच. पुढे आइन्स्टाइनने आपण स्पिनोझाचा देव मानतो असं सांगितलं, तेव्हा जग त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं. मधल्या पावणेतीनशे वर्षांत जग किती बदललं बघा.

आपल्या आगरकरांचंही तेच. देवाबद्दल आपल्याला काही कळत नाही आणि कळण्यासारखं नाही, असं मानणारा हा माणूस. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी ते पुण्यातच राहिले आणि त्याच लोकांच्या मुलांना शिकवत राहिले.

इझिकेल यांना कुणी बहिष्कृत केलं नाही. तेच काही काळ दूर गेले. १९४८ च्या शेवटी ते लंडनला गेले. तिकिटाचे पैसे त्यांचे मित्र, पुढे नाट्यदिग्दर्शक म्हणून गाजलेले इब्राहिम अल्काझी यांनी दिले. लंडनमध्ये तळघरातली खोली, भारताच्या हायकमिशनमध्ये कारकुनी, बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञानाचा अभ्यास आणि खिसा कायम रिकामा. साडेतीन वर्षांनी परत यायला भाडं नव्हतं, तेव्हा इंडोचायनाला शस्त्रं घेऊन जाणाऱ्या एका मालवाहू जहाजावर डेक घासत घासत ते मुंबईला आले. १९५२ मध्ये अ टाइम टु चेंज हा पहिला कवितासंग्रह आला. त्याच वर्षी त्यांनी आपल्याच समाजातल्या डेझी जेकब यांच्याशी लग्न केलं. तो संसार सुखाचा झाला नाही. ते काही संत नव्हते, आणि तसा आवही त्यांनी आणला नाही.

याच काळात बेने इस्राएल समाज रिकामा होत होता. स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज साधारण वीस हजारांचा होता. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि घरंच्या घरं तिकडे निघाली. तिथे गेल्यावर काय झालं? तिथल्या धर्मगुरूंनी यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, लग्नाच्या वेळी पूर्वजांचे पुरावे मागितले. खूप आंदोलनं झाली, शेवटी १९६४ मध्ये इस्राएल सरकारने हे पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. शतकानुशतकं शनिवार पाळणाऱ्या भाविकांना जेरुसलेममध्ये पुरावे द्यावे लागले, आणि देव न मानणारे इझिकेल मुंबईत ज्यू म्हणून सुखाने नांदत होते. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आपली जागा हीच, आपण जिथे आहोत तिथेच राहायचं.

मुंबईत त्यांनी काय केलं नाही? इलस्ट्रेटेड वीकलीत सहसंपादक, जाहिरात कंपनीत लेखक, १९५५ मध्ये क्वेस्ट नियतकालिकाचे पहिले संपादक, १९६१ पासून मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख, पुढे मुंबई विद्यापीठात अध्यापक. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पेन या लेखक संघटनेचं कार्यालय होतं. तिथे कुणीही नवखा कवी वही घेऊन जाऊ शकत असे. ते वाचून स्पष्ट सांगत, कधी कधी फारच स्पष्ट, पण वाचत नक्की. वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी आपल्या इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, ते पुस्तक १९७४ मध्ये आलं. विंचवाची कविता १९६५ च्या द एक्झॅक्ट नेम या संग्रहातली. म्हणजे ती एका पक्क्या नास्तिकाने लिहिली आहे. आणि तरी त्यात गावकऱ्यांची टिंगल नाही, हे मला शाळेत कळलं नव्हतं. ते लोक रात्रभर त्या बाईजवळ बसतात, हे कवीने बघितलं आहे.

यानंतर एक वेगळाच प्रकार घडला. १९६७ साली ते अमेरिकेत शिकवायला गेले असताना त्यांनी एलएसडी हे भास निर्माण करणारं रसायन घेतलं. (रेक्टर मॅडम, मी फक्त माहिती देते आहे.) नास्तिक म्हणून त्या अनुभवात शिरले आणि बाहेर आले ते श्रद्धा घेऊन. काही वर्षं हे प्रयोग चालले आणि १९७२ मध्ये त्यांनी ते कायमचे सोडले. रसायन सुटलं, श्रद्धा राहिली.

खरं सांगते, इथे माझा विरस झाला. मला वाटलं, अरेरे, हासुद्धा फुटला. मेंदूत रसायन गेलं आणि देव दिसला, हा काय पुरावा झाला? लॅबमध्ये असं रीडिंग घेऊन गेले तर सर जर्नल तोंडावर फेकतील. मग थोड्या वेळाने लक्षात आलं की त्या रात्री दवाखान्यात माझ्या मेंदूतही भीतीचं रसायनच होतं. त्यातून निघालेला नवस हा माझा विचार नव्हता असं म्हणायचं, तर एसीमध्ये बसून निघालेला नास्तिकपणा तरी पूर्ण माझा कशावरून? त्याची तरी परीक्षा कधी झाली होती?

आणि इझिकेल यांची श्रद्धा म्हणजे डोळे मिटून शरण जाणं नव्हतं. १९७६ च्या हिम्स इन डार्कनेस संग्रहात त्यांनी छोट्या छोट्या प्रार्थना लिहिल्या, त्यात ते देवाशी घासाघीस करतात. एकीत गीतेतल्या निष्काम कर्माची गोड थट्टा करून फळातला जरासा वाटा मागितला आहे. आपण सगळे सबमिशनच्या दिवसांत हेच मागतो, फक्त इतकं प्रामाणिकपणे नाही. एका कवितेत मुंबईच्या सिनेगॉगमधल्या लग्नाची वरात आहे. त्यात विधी सगळे पाळतात, पण त्यावर मनापासून विश्वास असणारे फार थोडे, आणि स्वतःला कडक म्हणवणारेही खाण्यापिण्याचे नियम हळूच मोडतात. १९८२ मध्ये लॅटर-डे साम्स हा संग्रह आला. बायबलमधली जुनी स्तोत्रं घेऊन त्यांनी त्यांना उत्तरं दिली. कुठे मान्य केलं, कुठे वाद घातला. दुष्टांना शिक्षा कर ही मागणी त्यांना खटकते. या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे नास्तिक असताना ते समाजात राहिले आणि आस्तिक झाल्यावर देवाशी भांडत राहिले. दोन्ही वेळा त्यांनी दार लावून घेतलं नाही.

शेवटची वर्षं वाईट गेली. अल्झायमर झाला, आठवणी एकेक करून गेल्या. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ज्या डोक्याने आयुष्यभर देव आहे की नाही याचा हिशेब मांडला, तेच डोकं शेवटी रिकामं झालं. यावर मला काही शहाणपणाचं सुचत नाही.

ज्यू समाजाबद्दल वाचताना मला एक नियम फार आवडला. सामुदायिक प्रार्थना सुरू व्हायला किमान दहा माणसं लागतात. याला मिन्यान म्हणतात. नऊ जण कितीही भाविक असले तरी काही प्रार्थना अडतात. आणि दहावा कोण? समाजातला कुणीही मोठा माणूस. त्याच्या मनात श्रद्धा किती ग्रॅम आहे हे मोजत नाहीत, तो आला का एवढंच बघतात. जुन्या पद्धतीत या दहांत फक्त पुरुष मोजतात, म्हणजे मी गेले असते तर नऊचे नऊच राहिले असते. आता जगातली काही सिनेगॉग बायकांनाही मोजतात. पण कल्पना बघा. समाज घटत चाललेला, महाराष्ट्रात आज जेमतेम काही हजार लोक उरलेले, २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अशा ठिकाणी दहावा माणूस येणं म्हणजे बाकी नऊ जणांची प्रार्थना सुरू होणं. त्या दहाव्याने स्वतः प्रार्थना केली की नाही, तो त्याचा प्रश्न.

आणखी एक सांगून आटोपते. आपल्या देशात सर्पविषावरची लस बनवणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईच्या हाफकिनचं नाव जुनं आहे. हे नाव ज्या वाल्डेमार हाफकिन यांचं, तेही ज्यू, ओडेसाचे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंबईत त्यांनी लस तयार केली आणि जानेवारीत ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. आणि हा शास्त्रज्ञ पुढे कट्टर श्रद्धाळू झाला, त्याने धर्माचरणाच्या बाजूने लेख लिहिला, मरताना पैसा धर्मशिक्षणाला दिला. एक ज्यू कवी देव नाकारणारा, एक ज्यू शास्त्रज्ञ देव मानणारा. म्हणजे विज्ञान शिकलं की देव जातो आणि कविता लिहिली की येतो, असं माझं जे साधं सूत्र होतं ते दोन्ही बाजूंनी चुकलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला नवसाचं सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा हसेल. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. मग म्हणाली की नवस तू बोललीस, मारुतीला काय वाटेल ते तो बघून घेईल, पण मला एकदा चांदपूरला जायचंच आहे आणि एसटीत सोबत लागते.

तर एका शनिवारी आम्ही जाऊन आलो. नारळ मी नेला, फोडला आईने. मी हात जोडले का, हे मैत्रिणींनी परत आल्यावर विचारलं. हातात आईच्या चपला होत्या आणि पिशवी होती, त्यामुळे तो प्रश्न आलाच नाही. उपास मात्र पाचही केले. शब्द दिला होता म्हणून. पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत मेसमधल्या आलूवड्याच्या वासाने जीव कासावीस झाला होता, हेही नोंदवून ठेवते.

मी अजूनही देव मानत नाही. पण यंदा गणपतीची वर्गणी मी दिली, भाषण न करता. आरतीला झांजा वाजवायला कुणी नव्हतं, ते काम मी घेतलं. ताल माझा बरा आहे.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी